पंच म्हणून कोण येणार?

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरात एक ठराव आहे. ‘बी विंगमधील भाडेकरूंविषयी सभासदांच्या तक्रारी आल्याने मालकास सांगून सदनिका आठ दिवसांत रिकामी करून घ्यावी. सर्वानुमते मंजूर.’ मी तेव्हा सेक्रेटरी होते. त्याच सभेत पाण्याच्या टाकीच्या सफाईचाही ठराव झाला आणि त्यावर जास्त वेळ चर्चा झाली.

तक्रारी काय होत्या? भर दुपारी रिक्षा येतात. माणसं बदलत राहतात. घरात तीन-चार मुली आहेत, पण एकटी कोणी खाली उतरत नाही, सोबत कायम ‘मावशी’. सगळ्यांना सगळं कळलं होतं. शब्द कोणी उच्चारला नाही, एवढंच. त्यातली एक मुलगी मला एकदा लिफ्टमध्ये भेटली होती. सोळा-सतराची असेल. मावशी फोनवर बोलत मागे राहिली होती. तेवढ्यात तिने विचारलं, “काकू, स्टेशन इथून किती लांब?” मी म्हटलं, “रिक्षाने अर्धा तास.” लिफ्ट थांबली आणि मी भाजीची पिशवी घेऊन बाहेर पडले.

आठ दिवसांत फ्लॅट रिकामा झाला. रात्रीच टेम्पो आला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा होती ती टेम्पोने कुणाच्या तरी गाडीला ओरखडा पाडल्याची. त्या मुली कुठे गेल्या, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. आम्ही जे केलं त्याला आम्ही ‘कारवाई’ म्हणत होतो. खरं तर आम्ही ती मुलगी पुढच्या सोसायटीकडे सरकवली.

पोक्सो कायदा 2012 चा. अल्पवयीन मुलामुलीवर लैंगिक गुन्हा घडतोय किंवा घडेल असं वाटलं, तर ते पोलिसांना कळवणं त्याच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे. डॉक्टरांना, शिक्षकांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरीलाही. माहीत असून कळवलं नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर फोन केला असता का? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मला आवडत नाही.

उदासीनता म्हणजे दगडाचं काळीज, असं आपण समजतो. तसं काही नसतं. वाईट वाटणं आपल्याला छान जमतं. बातमी वाचून आपण हळहळतो, पोस्ट पुढे ढकलतो, रडका चेहराही टाकतो. अडतं ते ‘नसती भानगड नको’पाशी. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्याकडे बाळकडूसारखं पाजलं जातं. या धंद्यातल्या लोकांनाही ती म्हण पाठ असावी. ते आपल्या शहाणपणाच्या भरवशावरच फ्लॅट भाड्याने घेतात.

काही वर्षांनी, 2019 मध्ये, एका संस्थेत काम करणाऱ्या ओळखीच्या बाईंचा फोन आला. पोलिसांना छाप्यासाठी स्त्री पंच, म्हणजे झडतीची साक्षीदार, हवी आहे, याल का? मी आधी ‘बघते’ म्हटलं. फोन ठेवला आणि लिफ्टमधली मुलगी आठवली. परत फोन लावला.

तेव्हा पहिल्यांदा पीटा, म्हणजे देहव्यापारासाठी होणारं शोषण रोखणारा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, उघडून वाचला. 1956 चा कायदा, 1986 मध्ये सुधारलेला. कलम 15 सांगतं की झडतीआधी त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना साक्षीदार म्हणून बोलवावं आणि त्यांत किमान एक स्त्री असावी. ती स्त्री त्याच परिसरातली असायला हवी असं नाही. (कायदा करणाऱ्यांना आपली आळी बरोबर ठाऊक होती!) लेखी आदेश असताना सबळ कारणाशिवाय नकार देणं हाही गुन्हा आहे. पुढे कलम 17 मध्ये, सुटका झालेल्या मुलीचं काय करायचं हे ठरवताना दंडाधिकारी पाच प्रतिष्ठित व्यक्तींची मदत घेऊ शकतात. त्यांपैकी शक्यतो तीन स्त्रिया.

म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी या कायद्यात पहिल्यापासून खुर्ची मांडून ठेवली आहे. ती रिकामी का, तर आपण प्रतिष्ठित आहोत म्हणून! अशा ठिकाणी जायचं, कोणी पाहिलं तर काय म्हणेल? मग पोलीस नेहमीचेच पंच आणतात. चहाच्या टपरीवरचा कोणी, नाहीतर चौकीसमोरचा झेरॉक्सवाला. आणि न्यायालयात आरोपीचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, “आतापर्यंत किती केसेसमध्ये पंच झालात?” खटल्याला तिथेच भोक पडतं.

त्या दिवसाबद्दल गाव, लॉज, तारीख काही सांगणार नाही. मुलींची ओळख उघड होईल असं काही लिहायचं नसतं, आणि खटला चालू आहे. पण काम कसं चालतं ते सांगते, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला छापा असतो.

दुपारी चारला पोलीस ठाण्यात. बनावट ग्राहक म्हणून जाणाऱ्या माणसाची आमच्यासमोर अंगझडती. त्याच्या खिशात ठेवायच्या नोटांचे नंबर एकेक करून लिहिले. हा पहिला पंचनामा. मग खासगी गाडीत दीड तास नुसतं बसणं. मिस्ड कॉल आला की वर जायचं. वर गेल्यावर महिला पोलीस पुढे, आम्ही मागे. तीन मुली समोर होत्या. चौथी भिंतीतल्या कपाटाच्या मागे, प्लायवूडची फळी सरकवल्यावर सापडली. तिथे ती किती वेळ उभी होती कोण जाणे, तिचे केस घामाने चिकटले होते.

ती माझ्या गळ्यात पडून रडली वगैरे नाही. तिने मला शिव्या घातल्या. पोलीस आले की तुला जेलमध्ये टाकतील, हे तिच्या डोक्यात महिनोन्‌महिने भरलं होतं, आणि त्या क्षणी मीही तिच्या लेखी पोलीसच. नंतरचे सहा तास मोजण्यात गेले. मोबाइल किती, रजिस्टर किती, निरोधची पाकिटं किती, नोटांचे नंबर जुळतात का. प्रत्येक पानावर सही. रात्री दोनला घरी आले, तेव्हा पराक्रम केल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. बँकेची वर्षअखेर उरकल्यासारखं वाटत होतं. (मी एकतीस वर्षं बँकेत होते, मला तो थकवा ओळखू येतो.)

छाप्याने सगळं संपतं असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईच्या वेश्यावस्तीत मोठे छापे पडले होते. चारशेहून जास्त मुली-बायका बाहेर काढल्या, त्यांतल्या सुमारे दोनशे नेपाळच्या. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. पण नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार नव्हतं. मुलींना महिनोन्‌महिने इथल्या सुधारगृहांत राहावं लागलं. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला, तेव्हा शंभराच्या वर मुली काठमांडूला पोचल्या. परतलेल्यांपैकी काहींनी मिळून ‘शक्ती समूह’ उभा केला आणि 2013 मध्ये त्या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कार मोठाच. पण मला अडकवतात ते सुधारगृहातले महिने. दार उघडून दिलं, पण जायचं कुठे?

आणि छापा कुणावर, हाही प्रश्न आहेच. सांगलीत कार्यकर्त्या मीना शेषू आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची संघटना असलेल्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’च्या बायका वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की आम्हाला न विचारता आमची ‘सुटका’ करू नका. पूर्वी मला तो उफराटेपणा वाटायचा. आता वाटत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांना त्यांच्या मर्जीविरुद्ध वसतिगृहात डांबता येणार नाही, असा निकाल दिला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान स्त्रीला पोलिसांनी त्रास देऊ नये. फळीमागे उभी केलेली सोळा वर्षांची पोर आणि रेशनकार्डासाठी भांडणारी पन्नाशीची बाई यांना एकाच गाडीत कोंबलं, तर दोघींवर अन्याय होतो. हा फरक करायचा तर जवळ जाऊन पाहावं लागतं. लांबून नाक मुरडण्यात तो कळत नाही. मला मात्र ‘स्वेच्छा’ हा शब्द अजूनही थोडा टोचतो. टोचू दे.

माझी साक्ष चार वर्षांनी झाली. त्याआधी चार तारखा फुकट गेल्या. दुसरा पंच फितूर झाला. चौकीत बसवून सही घेतली, असं त्याने सांगितलं. त्याचं दुकान त्याच रस्त्यावर आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. माझी उलटतपासणी चाळीस मिनिटं चालली. खोलीत उजेड किती होता? पंचनामा वाचून सही केली की न वाचता? संस्थेने तुम्हाला पैसे दिले का? मग तो ठरलेला प्रश्न आला, “याआधी किती वेळा पंच झालात?”

“एकदाही नाही.”

वकील जरा थांबले. कागद चाळले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्या चार वर्षांत माझा काही उपयोग झाला असेल तर तो त्या दोन शब्दांत.

आता हा गेल्या आठवड्यातला प्रसंग. त्याच बाईंचा पुन्हा फोन आला आणि या खेपेला मी नाही म्हटलं. घाबरून नाही. मी दुसऱ्यांदा उभी राहिले की ‘नेहमीची पंच’ होते, आणि वकिलाला आयताच मुद्दा मिळतो. या कामात अनुभवी माणूस चालत नाही. दर वेळी नवा, कोरा, कधीच कोर्टाची पायरी न चढलेला शहाणा माणूस लागतो. इथे माझ्या मित्रयादीत असे निदान तीनशे जण आहेत.

आजूबाजूला काही दिसलं तर 112 वर फोन करा, मूल असेल तर 1098 वर. नाव गुप्त ठेवा म्हणून सांगता येतं. जागा खाली करून घेण्याचा ठराव मात्र करू नका. त्याने मावशी सावध होते आणि मुली गायब होतात.

आणि मला दोन नावं हवी आहेत, त्यातलं एक बाईचं. आता झडतीचं मोबाइलवर चित्रीकरण सक्तीचं झालंय, तरी पंच लागतातच. इनबॉक्समध्ये कळवा. आधार कार्ड, चष्मा, पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि घरी ‘उशीर होईल’ म्हणून सांगून निघा. कुठे जायचंय ते आधी सांगत नाहीत.