चाकोरी, तास आणि म्हशीची डिमाइझ

खानापूरच्या पालकांना नमस्कार.

‘इंग्रजी शब्दयादी पाठ करू नका, आधी मराठीतून अर्थ घ्या, असं सांगून तुम्ही मराठी माध्यमाच्या पोरांना मागं ठेवताय. तुमची स्वतःची मुलं इंग्लिश मीडियमलाच असणार,’ असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंय. मुलीबद्दलचा अंदाज बरोबर. ती इंग्लिश मीडियमलाच जाते.

मी मात्र मराठी शाळेतला, आणि यादी मीही घोकली होती. पहिल्या नोकरीत, घरची म्हैस मेली म्हणून रजा मागितली. ‘डेथ’ फारच साधा वाटला, म्हणून ‘सॅड डिमाइझ ऑफ अवर बफेलो’ लिहिलं. हेडक्लार्कनी अर्ज सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला, वर कन्नडमध्ये समजावूनही सांगितला. यादीत डिमाइझ म्हणजे मृत्यू, एवढंच होतं. आपण तरी म्हशीचं ‘दुःखद निधन’ कुठं म्हणतो?

पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा. सोसाट्याचा पाऊस म्हटलं की आपल्या कानाला खटकतं. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, चहासुद्धा ‘स्ट्राँग’. शब्दाचे हे सोबती यादीत नसतात.

आता मराठीतून अर्थ घेण्याबद्दल. अवाच्या सवा भावाला इंग्रजीत ‘एक्झॉर्बिटंट’ म्हणतात. त्यातला लॅटिन ‘ऑर्बिटा’ म्हणजे गाडीच्या चाकानं पडलेली वाट. आपली चाकोरीच की! भाव चाकोरी सोडून गेला. ‘डिलिरियम’चं मूळ तर नांगराच्या तासात, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चरात आहे: तापात बरळणारा माणूस म्हणजे तास सोडून गेलेलं औत. बापामागं शेतात राबलेल्या पोराला हे बेंगळुरूच्या फ्लॅटमधल्या पोरापेक्षा लवकर कळेल. मराठी अर्थ म्हणजे कमीपणा, हे आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे.

शंभर दिवसांत 3,000 शब्द, हा तुमचा हिशोब. म्हणजे रोज तीस, आणि कालचे तीस पुसायला रात्र पुरते. इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांच्या 1953 च्या यादीत साधारण 2,000 रोजचे शब्द आहेत. भाषेच्या अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली उच्च शिक्षणाच्या लिखाणातून 570 शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ) वेगळी काढली. दोन्ही मिळून तसल्या लिखाणातले शंभरातले साधारण 86 शब्द होतात. आमच्याकडं येणारी पोरं ‘सिग्निफिकंट’सारख्या नेहमीच्या शब्दाला अडखळतात आणि ‘पल्क्रिट्यूड’ (सौंदर्य) हा क्वचितच भेटणारा शब्द घोकतात.

एक मात्र मान्य. ‘रोज इंग्रजी पेपर वाचा’ हे मी शहरात बसून लिहिलं. तुमच्या कणकुंबीच्या पावसात लाइट टिकत नाही, तिथं पेपर कुठला! शेजारच्या पोराचं इंग्लिश मीडियमचं जुनं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणा. विषय मराठीतून झालेला असतो, त्यामुळं शब्द ओळीतच कळतो. एकच धडा तीनदा वाचला तरी चालेल.

परीक्षा तीन महिन्यांवर असेल तर यादी घ्या, माझी हरकत नाही. पण रोज दहाच, आणि प्रत्येक शब्दाशेजारी त्याचा एक सोबती लिहून. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्यानं वही उघडून मराठी बाजू झाकायची.

मुलाच्या यादीतले कुठलेही दहा शब्द इथं खाली टाका, सोबती मी लिहून देतो. डिमाइझ सोडून.