‘आपण काही डॉक्टर नाही’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना

भावकीच्या, सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरून येतो. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच. डिप्रेशन हे खाऊनपिऊन सुखी असलेल्या शहरी लोकांचं दुखणं, कष्ट करणाऱ्याला असल्या गोष्टींना वेळ नसतो. गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत. मरणाची भाषा करणारा कधी मरत नाही, आणि त्याला तसं विचारायला गेलात तर नसतं खूळ डोक्यात भराल. खेड्यापाड्यात सरकारी सोय शून्य. आणि शेवटी हात जोडून सल्ला: हे तज्ज्ञांचं काम आहे, सामान्य माणसानं त्यात पडू नये.

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण भल्या मनाचे असतात, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. त्याकडे येतोच, पण आधीचे मुद्दे क्रमानं घेऊ.

कष्टकऱ्याला डिप्रेशन होत नाही?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात 1,70,924 लोकांनी आत्महत्या केली. त्यांतले 22,746 महाराष्ट्रातले. कुठल्याही राज्यातला हा सर्वांत मोठा आकडा. देशभरातल्या या मृतांपैकी चारांत एकाहून थोडे अधिक रोजंदारीवर जगणारे होते, आणि जवळजवळ दोनतृतीयांश लोकांचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो असं नाही. कर्ज, घरातली भांडणं, दारू, जुनं दुखणं अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. पण राबणाऱ्याचं मन आपोआप घट्ट राहतं, हा दावा या आकड्यांपुढे टिकत नाही.

मजकुरात खऱ्याचा एक कण आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महानगरांमधलं मानसिक आजारांचं प्रमाण ग्रामीण भागापेक्षा जास्त निघालं. पण त्याच सर्वेक्षणात उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण, आजारानुसार, 70 ते 92 टक्के होतं. आणि महाराष्ट्राचंच बोलायचं तर विदर्भातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प सुरू होताना केलेल्या पाहणीत 14.6 टक्के प्रौढांमध्ये नैराश्याची लक्षणं सापडली. म्हणजे दर सात माणसांत एक. कापसाच्या आणि सोयाबीनच्या गावांत, मोलमजुरी करणाऱ्या घरांत.

ही माणसं दिसत का नाहीत, हे कळायला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत तासभर बसलं तरी पुरे. चाळिशीची बाई केसपेपर पुढे करते. कंबर दुखते, हातापायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, रात्री तीनला जाग येते ती येतेच. रांग मोठी असते. दुखण्याची गोळी आणि ताकदीचं औषध मिळतं. बाई खासगीत जाऊन सलाईन लावून घेते, दोन दिवस बरं वाटतं, पंधरा दिवसांनी पुन्हा येते. ‘मला डिप्रेशन आहे’ असं ती कधीच म्हणणार नाही. ‘कशात जीव रमतो का गं? शेवटचं मनापासून कधी हसलीस?’ एवढं कुणी विचारलं, तर मात्र ती पदराचं टोक तोंडाला लावते आणि बांध फुटतो. तिला वेळ नव्हता म्हणून आजार झाला नाही, असं म्हणायची सोयच नाही. आजार होता. विचारायला कुणी नव्हतं.

गोळ्या सुटत नाहीत?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. नैराश्यावरच्या औषधांची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्यांदाच त्रास झालेल्याला बरं वाटू लागल्यावर आणखी काही महिने ती घ्यावी लागतात. घोटाळा दोन जागी होतो. आठवड्यात फरक नाही म्हणून लोक सोडतात, किंवा बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करतात. मग चक्कर, बेचैनी सुरू झाली की ‘बघा, सवय लागली’. डोस हळूहळू उतरवत आणायचा असतो, आणि तो डॉक्टरांनी.

झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे मात्र खरं. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्या परत परत आणणं बंदच व्हायला हवं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या आजारांत औषधं बरीच वर्षं चालतात, जशी बीपी-शुगरची चालतात. आणि सौम्य नैराश्यात अनेकदा गोळीची गरजच लागत नाही, बोलून होणारे उपचार पुरतात.

विचारलं तर खूळ भरतं?

हा समज जीव घेतो, म्हणून स्पष्ट लिहितो. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. यावर अनेक देशांत संशोधन झालं आहे आणि निष्कर्ष तसाच आहे. उलट माणसाला हलकं वाटतं, कारण जे तो एकटा वाहत होता ते कुणीतरी न घाबरता ऐकलं. आणि मरणाची भाषा करणारा मरत नाही, हेही चूक. कितीतरी जणांनी आधी कुठे ना कुठे बोलून दाखवलेलं असतं: ‘आता माझी काय गरज आहे’, ‘पोरांकडे लक्ष ठेव’, ‘एकदाचं सुटलं पाहिजे’.

विचारायचं साध्या शब्दांत. बाजूला बसायचं, चारचौघांत नाही. ‘अलीकडे फार गप्प असतोस. जीव नकोसा झालाय का? जीव द्यायचं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश नको, शपथा नकोत, ‘पोराबाळांचा विचार कर’ हे तर नकोच. तो विचार करूनच तो थकलेला असतो. त्याला एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू हाताशी राहू द्यायच्या नाहीत, त्याच्या विश्वासातल्या एका माणसाला बोलावून घ्यायचं, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा 14416 ही सरकारी हेल्पलाइन. प्रसंग हातघाईवर आला असेल तर 108.

अजूनही घरची माणसं पोलिसांच्या भीतीनं आत्महत्येचा प्रयत्न लपवतात, ‘चुकून झालं’ म्हणून सांगतात आणि रुग्णाला पुढचे उपचार मिळत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं 115 वं कलम सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, आणि तिची काळजी घेणं, पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी आहे. प्रयत्नालाच सरसकट गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं 309 कलम तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही.

सोय शून्य?

अपुरी आहे, आणि त्याचा राग यायलाच हवा. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. तालुक्याला पथक येणार म्हणून माणूस मजुरी बुडवून जातो आणि ‘आज आले नाहीत’ ऐकून परततो. महिनाभर चालू असलेलं औषध नेमकं संपलेलं असतं. हे मी स्वतः पाहिलं आहे आणि त्यासाठी भांडायलाच हवं.

पण ‘अपुरी’ आणि ‘शून्य’ यांत फरक आहे, आणि त्या फरकात माणसं वाचतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात सुरू आहे. सिव्हिलला मानसोपचार ओपीडी असते, आणि पथकात डॉक्टरांबरोबर मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका असणं अपेक्षित आहे. शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत 2015 मध्ये सरकारनं ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाखालची माणसं हेरायची अशी रचना आहे. पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मनोरुग्ण संस्था आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली मानस’ची 14416 ही फोनवरून मदतीची विनामूल्य सेवा रात्रंदिवस चालू आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि नाव सांगायची सक्ती नसते. शिवाय 2016 च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. दीर्घ आजार असलेल्याला प्रमाणपत्र मिळू शकतं, हे कित्येक घरांना माहीतच नसतं.

सामान्य माणसानं पडू नये?

आता मूळ मुद्दा. तज्ज्ञ इतके कमी असताना ‘तज्ज्ञांवर सोडा’ म्हणणं म्हणजे बहुतेकांना वाऱ्यावर सोडणं. आणि सामान्य माणूस काही करू शकत नाही, हे खोटं ठरवणारा पुरावा आपल्याच मातीतला आहे.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं मानसोपचाराचं कुठलंही व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केलं. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, तीव्र नैराश्य असलेल्या 495 रुग्णांवर याची चाचणी झाली. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले निष्कर्ष असे: नेहमीच्या उपचारांना या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटींची जोड मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी 64 टक्के जण नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के. भेटीत काय होतं? गूढ काही नाही. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी पारावर जाणं, मग दाढी, मग जेवण. जितकं सोडतो तितकं मन आणखी बसतं. समुपदेशक त्याच्यासोबत बसून लहानसं काम ठरवतो. उद्या सकाळी डेअरीला दूध घालायला स्वतः जायचं, एवढंच. पुढच्या भेटीत विचारतो, गेलात का, गेल्यावर कसं वाटलं, नसाल गेलात तर काय आड आलं. मग पुढचं पाऊल.

विदर्भातल्या ‘विश्राम’ची गोष्ट अशीच. गावातल्याच कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, त्रासलेल्यांना आधार दिला, गरजूंना डॉक्टरांपर्यंत नेलं. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर उतरलं. तुलनेसाठी दुसरी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच देता येणार नाही. पण मदत घेणारे सहापट वाढले, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

संस्थांचं म्हणाल तर साताऱ्याची ‘परिवर्तन’ संस्था अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांमधून ‘मानसमित्र’ तयार करते. अंगात येतं, बाहेरचं झालंय म्हणून भगताकडे निघालेल्या घराला वेळेवर डॉक्टरांची वाट दाखवणं हे त्यांचं काम. पुण्यात ‘कनेक्टिंग’ची आत्महत्या रोखण्यासाठीची हेल्पलाइन प्रशिक्षित स्वयंसेवक चालवतात. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या कुटुंबीयांसाठी तिथे ‘सा’ ही संस्था आहे. ती उभी करण्यात कॅनडात प्राध्यापकी केलेल्या जगन्नाथ वाणींचा मोठा वाटा होता. 1986 मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट भरतो, ठाण्यात 1990 पासून ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था काम करते. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा तर कितीतरी लहान गावांत होतात. तिथे समोर बसलेला प्रत्येक जण त्याच वाटेनं गेलेला असतो. ते बळ कुठल्याही पदवीत नाही.

‘पडू नये’ म्हणणाऱ्यांची एक भीती मात्र रास्त आहे: अर्धवट माहितीचा माणूस नुकसान करील. म्हणून हद्द ठरलेली हवी. स्वयंसेवकानं निदान करायचं नाही, गोळी सुचवायची नाही, चालू असलेली बंद करायला सांगायची नाही. आणि ऐकलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. गावात हे सगळ्यांत अवघड. आमच्या भागातल्या एका बचत गटात एक बाई हप्त्याला यायची बंद झाली. दोघी तिच्या घरी गेल्या, परत आल्या. बाकीच्यांनी विचारलं, काय झालं? ‘बरं नाही तिला, येईल’ एवढंच त्या म्हणाल्या आणि हप्त्याचा हिशोब सुरू केला. पुढचे तीन-चार आठवडे त्यांच्यापैकी एक जण तिला घेऊन तालुक्याला जात होती, बाजाराला म्हणून. उपचार डॉक्टरांनीच केले. पण त्या दोघी गेल्या नसत्या तर डॉक्टरांना ती दिसलीच नसती.

हे सगळं आशाताईंच्या डोक्यावर ढकलून मोकळं होणंही बरोबर नाही. त्यांच्याकडे आधीच कामांची रास आहे आणि मोबदला तुटपुंजा. वाटा प्रत्येकानं उचलायचा आहे: निवृत्त शिक्षक, भजनी मंडळ, गणेश मंडळ, सोसायटीची समिती. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही एकट्या पडलेल्या आई-वडिलांना, नव्यानं गेलेल्या सुनेला हेच हवं असतं.

सुरुवात कुठून? सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जाऊन लेखी विचारा की आपल्या तालुक्याला पथक महिन्यातून कोणत्या दिवशी, कुठल्या रुग्णालयात येतं. ठरल्या दिवशी आलं नाही तर पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. पथकातल्या समाजसेवकाला गावात बोलावून इच्छुकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण मागा. आणि पथकाचा दिवस नि 14416 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूध डेअरीवर, रेशन दुकानात, एसटीच्या थांब्यावर, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरजवळ लावा. शहरात असाल तर लिफ्टच्या आत.