‘ग्रीन’ सोसायटीत टँकर लागत नाही, हे कुणी सांगितलं?

गेले काही आठवडे पुण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: घर घ्यायचं तर नामांकित कंपनीच्या ग्रीन सर्टिफाइड प्रोजेक्टमध्येच घ्या. त्याला सरकारी मान्यता असते. पावसाचं पाणी आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) असल्यामुळे टँकर कधीच लागत नाही. वीजबिल निम्मं येतं, मेंटेनन्स कमी बसतो. कंपनीच नेट झिरो (जेवढा कार्बन हवेत सोडते तेवढा भरून काढणारी) असल्यामुळे घरही प्रदूषणमुक्त. चौरस फुटामागे चार पैसे जास्त गेले तरी ते पर्यावरणासाठीच.

माझ्या मामांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘रविवारी टोकन देतोय.’ हा त्यांच्या निवृत्तीचा पैसा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पाणी, कारण सगळ्यात घातक थाप तीच आहे. साधा हिशेब मांडा. इमारतीची गच्ची १,००० चौरस मीटर धरा, आणि ही बरीच मोठी गच्ची झाली. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे गच्चीवर ७ लाख लिटर पाणी. पहिल्या सरींचं घाण पाणी सोडून द्यावं लागतं, काही उडून जातं. हाती ६ लाख लिटर लागलं समजा. आता खर्च. २०० फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी नियोजनातलंच प्रमाण. रोजचे झाले १ लाख ८ हजार लिटर. अख्ख्या पावसाळ्याचं पाणी सहा दिवसही पुरत नाही! आणि एवढं पाणी साठवायला टाकी कुणी बांधतही नाही. ते शोषखड्ड्यातून जमिनीत सोडतात. जमिनीखाली आपल्याकडे काळा कातळ. त्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी राहतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बोअर कोरड्या पडायला लागतात.

एसटीपीचं गणितही असंच. १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशला लागतात. शुद्ध केलेलं सांडपाणी तिथे आणि बागेला वापरता येतं. ही बचत खरी आहे आणि चांगली आहे. पण उरलेल्या ९० लिटरचं काय? अंघोळ, स्वयंपाक, पिणं, धुणीभांडी यांना ते पाणी चालत नाही. ८०० माणसांचे हे ७२,००० लिटर रोज कुठून तरी बाहेरूनच यायला हवेत. महापालिकेच्या नळाला तेवढं आलं तर ठीक. नाही आलं तर १०,००० लिटरचे सात-आठ टँकर रोज गेटवर उभे. इमारतीवर कुठलीही पाटी असो, या वजाबाकीतून सुटका नाही.

शहराच्या कडेला, नव्याने महापालिकेत आलेल्या गावांत आणि पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत, जिथे सार्वजनिक पाणी अजून पोचलेलं नाही तिथे बिल्डरकडून हमीपत्र घेतलं जातं: पाणीपुरवठा सुरू होईपर्यंत पाणी मी देईन. पुढे सोसायटी स्थापन होते, ताबा दिला जातो, आणि टँकरचं बिल हळूच सोसायटीच्या खात्यावर यायला लागतं. यावरून किती सोसायट्या भांडत बसल्या आहेत ते वाघोली, बाणेर, उंड्रीच्या कुठल्याही कमिटी मेंबरला विचारा.

‘मेंटेनन्स कमी’ हे तर साफ खोटं. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि एसटीपी माझ्याकडे आहे. बेसमेंटमध्ये ब्लोअर दिवसरात्र चालवावा लागतो, कारण टाकीतल्या जिवाणूंना हवा लागते. एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास ठेवायचं आणि तळाला गाळ किती बसतो ते बघायचं. त्यावरून प्लांट जिवंत आहे की मेला ते कळतं. आमच्याकडे वीज वाचवायची म्हणून रात्री ब्लोअर बंद ठेवायला सुरुवात झाली आणि काही दिवसांतच घराघरांतल्या फ्लशला कुबट वास येऊ लागला. मग लोकांनी ती लाइनच बंद करून टाकली आणि फ्लशला टँकरचं पाणी गेलं. ऑपरेटरचा पगार, वीज, फिल्टरची वाळू आणि कार्बन, पाण्याच्या लॅब टेस्ट, गाळ उचलायचे पैसे: हे सगळं मेंटेनन्समधूनच जातं. ताबा देईपर्यंत प्लांट उत्तम चालतो. नंतर तो चालवायचा कुणी, याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

वीजबिल. इथे थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. खिडक्यांची दिशा, त्यांवरची सावली, पोकळ हलक्या ब्लॉकच्या भिंती, वारा आरपार जाईल अशी रचना, याने घर खरंच कमी तापतं. केंद्राची इको निवास संहिता २०१८ मध्ये आली ती याचसाठी. पण बिल ‘निम्मं’? गच्चीवरचं सोलर साधारणपणे कॉमन मीटरला जोडलेलं असतं. किलोवॅटला रोजचे सुमारे ४ युनिट. ४० किलोवॅटचे झाले १६०. त्यात लिफ्ट, पंप आणि तो ब्लोअर यांचा भार हलका होतो. तुमच्या फ्लॅटमधला एसी आणि गीझर तुमच्याच मीटरवर फिरतो.

‘सरकारी मान्यता’ हेही असंच ठोकून दिलंय. ग्रीन प्रमाणपत्र देणारी आयजीबीसी ही सीआयआय या उद्योगसंघटनेची संस्था, २००१ मध्ये स्थापन झालेली. ‘गृह’ या दुसऱ्या ग्रीन रेटिंगमागे टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राचं अक्षय ऊर्जा मंत्रालय आहे, तिथे निदान सरकारचा हात आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुकिंगच्या वेळी जाहिरातीत झळकतं ते बहुतेक वेळा प्री-सर्टिफिकेशन असतं, म्हणजे नकाशे आणि आश्वासनं बघून दिलेलं. अंतिम प्रमाणपत्र बांधकाम पूर्ण झाल्यावर. बैठक झाली म्हणजे लग्न लागलं असं होत नाही.

आणि ‘जास्तीचे पैसे पर्यावरणासाठी’ या वाक्याने माझं डोकं फिरलं. राज्याची यूडीसीपीआर ही २०२० ची बांधकाम नियमावली उघडून बघा. ग्रीन रेटिंग मिळवणाऱ्या इमारतीला मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम किंवा ‘गृह’चे तीन, चार, पाच तारे. १०,००० चौरस मीटरचा प्लॉट आणि १.१ मूळ एफएसआय धरला तर ७ टक्के म्हणजे ७७० चौरस मीटर, सुमारे ८,३०० चौरस फूट बांधकाम वाढवून मिळतं. ते विकलं जातं. कबूल केलेलं रेटिंग मिळालं नाही तर दंडाची तरतूदही त्याच नियमात आहे. म्हणजे बिल्डर पदरमोड करतोय हे चित्र चुकीचं आहे. सवलत घेऊन वर तुमच्याकडून प्रीमियम घेतला जातोय. त्याच नियमावलीच्या १३ व्या प्रकरणात पावसाचं पाणी, सोलर, सांडपाण्याचा पुनर्वापर हे ठरावीक आकारापुढे सक्तीचं आहे. २०,००० चौरस मीटरवरच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींत एसटीपी असतोच. कायद्याने करायलाच हवं ते ‘आमची सस्टेनेबिलिटी’ म्हणून विकू नका.

राहिली नेट झिरो कंपनी. काही मोठ्या कंपन्या हे काम मनापासून करतात, नाही म्हणणार नाही. महिंद्रा लाइफस्पेसेसने २०३० पासून फक्त नेट झिरो इमारती बांधायचं जाहीर केलंय. पण हिशेब कसा होतो ते बघा. कार्बन उत्सर्जन तीन ‘स्कोप’मध्ये, म्हणजे गटांत, मोजतात. कंपनीने जाळलेलं डिझेल पहिल्या स्कोपमध्ये, तिने विकत घेतलेली वीज दुसऱ्यात. सिमेंट, स्टील आणि विकलेल्या फ्लॅटमध्ये लोक पुढची ५०-६० वर्षं वापरतील ती वीज तिसऱ्यात. बांधकाम व्यवसायात सगळ्यात मोठा ढीग या तिसऱ्याचाच, आणि शेअर बाजाराची नियामक सेबी कंपन्यांकडून पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा जो बीआरएसआर अहवाल मागते, त्यात नेमका तोच ऐच्छिक आहे. तो अहवालही बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांनाच सक्तीचा, आणि तो अख्ख्या कंपनीचा असतो. मामांच्या विंगबद्दल त्यात काही सापडणार नाही.

मामांना मी तीन कागद मागायला सांगितलेत: पाण्याच्या हमीपत्राची प्रत, प्रमाणपत्र प्री आहे की अंतिम ते, आणि एसटीपी चालवायचा महिन्याचा अंदाजी खर्च. शिवाय सेल्सवाला जे तोंडी सांगतो ते महारेरा नंबर असलेल्या ब्रोशरमध्ये छापलेलं आहे का ते बघायचं. छापलेलं असेल आणि खोटं निघालं तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते, बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत मागता येतात. व्हॉट्सअॅपवरच्या निनावी मेसेजवर विसंबलात तर दाद कुणाविरुद्ध मागणार? कागद येईपर्यंत टोकन थांबवलंय.