‘जाहिराती आल्या की फॉरमॅट मारा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला ठाण्यातल्या चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. आमच्या सोसायटीच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, भिशीच्या आणि सकाळी तलावपाळीला फिरायला जाणाऱ्यांच्या. मजकूर थोडक्यात असा: कॉम्प्युटरवर आपोआप जाहिराती दिसू लागल्या म्हणजे तो हॅक झालाय, बँकेतले पैसे जायच्या आत फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. असा प्रकार फक्त घाणेरड्या साइट बघणाऱ्यांच्याच कॉम्प्युटरवर होतो. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस नावापुरता असतो, पैसे देऊन दुसरा घ्या. रोज हिस्टरी आणि कुकीज (साइटनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) डिलीट करा, इनकॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी ब्राउझरची खिडकी) वापरा, मग काही होणार नाही. मॅकला हा त्रास नसतो. शेवटी एक लिंक, ‘फ्री क्लीनर’ची, आणि दहा ग्रुपवर पाठवायची विनंती.

मी ऐरोलीला एका ऑफिसात डेस्कटॉप सपोर्टचं काम करते, राहते पाचपाखाडीत. अशा जाहिराती काढणं हे माझं रोजचं काम आहे. या मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि एक ओळ तर माणसाला दुखावणारी आहे. सुरुवात तिथूनच करते.

‘फक्त घाणेरड्या साइट बघणाऱ्यांनाच होतं.’

परवा रात्री साडेनऊला शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. लॅपटॉप कापडी पिशवीत घालून आणला होता. समोरच्या दारातून माझ्या दारात यायला पिशवी कशाला, ते लॅपटॉप उघडल्यावर कळलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एकावर एक चौकोन उगवत होते. लाल ढालीचं चित्र आणि ‘तुमच्या पीसीत 5 व्हायरस’. तो गेला की लॉटरी. तो गेला की अर्धवट कपड्यातल्या बाईचा फोटो. काकू दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, “अगं, मी तसलं काही बघत नाही गं. नातवाचा दहावीचा निकाल बघत होते.” मुलाला त्यांनी सांगितलंच नव्हतं, कारण तो मेसेज मुलानेच घरच्या ग्रुपवर टाकला होता. निकाल लागल्यापासून लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला होता.

त्या चौकोनात मजकुराखाली बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि एका अनोळखी साइटचा पत्ता होता. तीच साइट ब्राउझरच्या हिस्टरीत निकालाच्या दिवशी दुपारी सापडली. निकालाच्या दिवशी बोर्डाच्या साइटवर इतकी गर्दी होते की पान उघडत नाही. मग आपण गुगलवर ‘दहावी निकाल’ टाकतो आणि समोर येईल ते उघडतो. काकूंनीही तेच केलं होतं. त्या पानावर एक चित्र होतं, ‘तुम्ही रोबोट नाही ना? मग अलाऊ दाबा.’ त्यांनी दाबलं. झालं एवढंच.

त्या अलाऊचा रोबोटशी काही संबंध नसतो. ‘या साइटला माझ्या पडद्यावर नोटिफिकेशन पाठवू द्या’ अशी परवानगी ब्राउझर विचारत असतो. एकदा ती दिली की साइट बंद केली तरी तिचे निरोप ब्राउझरमार्फत येत राहतात. क्रोमची खिडकी बंद असली तरी तो मागे चालू राहू शकतो, त्यामुळे माणसाला वाटतं की जाहिरात थेट विंडोजमधूनच येतेय. व्हायरस नाही, फाइल नाही, काही उतरवलेलं नाही. म्हणून अँटीव्हायरसलाही तिथे काही सापडत नाही.

काढायचं कसं, तेही इथेच सांगते. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसते. काकूंच्या यादीत 11 नावं होती. त्यातलं त्यांच्या ओळखीचं एकच, एका वर्तमानपत्राचं. बाकी 10 नावांसमोरचे तीन ठिपके दाबून त्यांनी स्वतःच एकेक ब्लॉक केलं, मी फक्त शेजारी बसले होते. चौथ्या नावानंतर चष्मा सारखा करून म्हणाल्या, “आता मला येतंय, तू चहा टाक.” त्याच पानावर सगळ्याच साइटना हा प्रश्न विचारायला बंदी घालायचीही सोय आहे, तीही आम्ही चालू केली.

निकाल, रेल्वेचं तिकीट, आरतीसंग्रहाची पीडीएफ, प्रिंटरचा ड्रायव्हर. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींची सुरुवात अशा साध्या गोष्टींतून होते. जाहिरातवाल्यांना गर्दी हवी असते आणि गर्दी अशाच ठिकाणी असते. तेव्हा हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, निदान ही ओळ तरी गाळा. तिच्यामुळे माणसं लाजून गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या माणसाला मदत करता येत नाही.

‘हॅक झालाय, ताबडतोब फॉरमॅट मारा.’

ॲडवेअर म्हणजे जबरदस्तीने जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर. ते बनवणाऱ्याला पैसे मिळतात ते जाहिराती दाखवून, क्लिक मिळवून आणि तुमचा सर्च स्वतःच्या पानाकडे वळवून. नोटिफिकेशनवाल्या साइटला तुमच्या फाइली दिसत नाहीत, बँकेचा पासवर्डही दिसत नाही. धोका असतो तो त्या चौकोनावर क्लिक करून पुढे जे पान उघडतं त्यात. ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा’ असं भोंगा वाजवत सांगणारं पान उघडलं तर घाबरू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा.

एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, गोष्ट मात्र जास्त गंभीर आहे, ती हलक्याने घेऊ नका. ‘सर्व वेबसाइटवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी असलेलं एक्स्टेन्शन बँकेचं पानही वाचू शकतं. आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या चांगलं राहील याचीही खात्री नसते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं लोकप्रिय एक्स्टेन्शन 2020 मध्ये मूळ मालकाने विकलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलला ते मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) ठरवून बंद करावं लागलं. ज्यांनी ते कधीकाळी विश्वासाने टाकलं होतं, त्यांनी काहीच चुकीचं दाबलं नव्हतं. म्हणून महिन्यातून एकदा एक्स्टेन्शन्सची यादी उघडा आणि जे आपण टाकल्याचं आठवत नाही ते काढा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा आणि त्रास सुरू झाला त्या दिवशी काय आलं ते बघा. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

आता फॉरमॅट. स्टेशनजवळच्या एका दुकानात आमच्या इमारतीतल्या एका काकांना ‘जाहिराती येतात’ एवढ्यावर 1500 रुपयांत फॉरमॅट करून दिलं. काकांची सवय अशी की सगळं डेस्कटॉपवर ठेवायचं, म्हणजे सी ड्राइव्हवरच. सोसायटीच्या गणपतीचे सात वर्षांचे हिशेब आणि मुलीच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो गेले. दुकानात कुणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. आणि घरी येऊन काकांनी क्रोममध्ये आपल्या जुन्या अकाउंटने साइन-इन केलं तर तासाभरात जाहिराती परत हजर! कारण साधं आहे. सिंक, म्हणजे ब्राउझरमधल्या गोष्टी अकाउंटमध्ये साठवण्याची सोय, चालू असेल तर एक्स्टेन्शन्स गुगल अकाउंटबरोबर परत येतात. चोर अकाउंटमध्ये बसलेला, आणि आपण भिंती पाडून घर नव्याने बांधलं.

फॉरमॅटनंतर अनेक ठिकाणी लायसन्स नसलेलं विंडोज टाकून ते ‘ॲक्टिव्हेटर’ने, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणाऱ्या प्रोग्रॅमने, चालू करून देतात. तो चालावा म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, आधी बंद केला जातो, आणि बऱ्याचदा तो बंदच राहतो. पैसे देऊन आपण कुलूप काढून घेतो. फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. पण तो शेवटचा उपाय आहे, पहिला नाही, आणि फाइलींची कॉपी बाहेर घेतल्याशिवाय तर नाहीच.

नवा, सीलबंद लॅपटॉपही आपोआप शुद्ध नसतो. फेब्रुवारी 2015 मध्ये उघड झालं की लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचं ॲडवेअर कारखान्यातूनच भरलेलं होतं. ते स्वतःचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला) घुसवून, पत्त्याशेजारी कुलूप दिसणाऱ्या सुरक्षित पानांतही जाहिराती टाकत होतं, आणि त्यामुळे बँकेच्या साइटचं कुलूपही भरवशाचं राहिलं नव्हतं. कंपनीला ते काढण्यासाठी टूल द्यावं लागलं.

‘विंडोजचा अँटीव्हायरस नावापुरता, पैसे देऊन दुसरा घ्या.’

दहा-बारा वर्षांपूर्वी हे कुणी म्हटलं असतं तर मी फार वाद घातला नसता. आज घालते. विंडोज 11 मधला डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे. मात्र त्यातलं एक बटण तपासा: विंडोज सिक्युरिटी, ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन, आणि तिथे ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’. पूर्वी हे मुळात बंद असायचं, म्हणून ‘डिफेंडरला ॲडवेअर पकडता येत नाही’ असा समज झाला. 2021 पासून मायक्रोसॉफ्टने ते आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली, तरी जुन्या मशीनवर एकदा बघाच. ‘अनवाँटेड’ हा मोघम शब्द का, तर ॲडवेअर सहसा आपल्याच ‘आय ॲग्री’वर बोट ठेवून शिरतं. इन्स्टॉल करताना नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट दाबत गेलो की मधल्या पानावरचा टूलबारचा टिक तसाच राहतो. ‘कस्टम’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ निवडलं की तो दिसतो आणि काढता येतो.

डिफेंडरच्या जोडीला दुसरी नजर हवीच असेल तर मालवेअरबाइट्स कंपनीचं ॲडवेअर काढणारं ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ फुकट आहे. तेही त्यांच्याच साइटवरून घ्या. घरच्या क्रोममध्ये ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसत असेल आणि एक्स्टेन्शनचं रिमूव्हचं बटणच गायब असेल, तर बऱ्याचदा हे टूल उपयोगी पडतं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही सफाईची फुकट साधनं आहेत. दोन अँटीव्हायरस एकावर एक चढवून संरक्षण दुप्पट होत नाही. दुसरा टाकला की डिफेंडर स्वतः बाजूला होतो, आणि वर्षाने त्या दुसऱ्याची मुदत संपली की ‘रिन्यू करा’च्या जाहिराती तोच दाखवायला लागतो.

आणि एक गोष्ट मराठी लिहिणाऱ्यांसाठी, कारण ‘फ्री मराठी टायपिंग’ शोधताना फसलेले लोक मला सारखे भेटतात. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून आहे, आणि मे 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही आहे. रोमन अक्षरं दाबायची, देवनागरी उमटते. लँग्वेज सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, बाहेरून काही उतरवू नका. पीडीएफ करायला वर्डमध्येच सोय आहे, झिप फाइल विंडोज स्वतः उघडतं. प्रिंटरचा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्यायचा, सर्चमध्ये सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेल्या ओळीतून नाही. उतरवायचंच नाही तर बरोबर काही चिकटून येणार कसं?

‘हिस्टरी, कुकीज डिलीट करा, इनकॉग्निटो वापरा.’

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. फ्रिज शोधला आणि नंतर आठवडाभर सगळीकडे फ्रिजच दिसला, तर ते ॲडवेअर नव्हे. तो जाहिरात कंपन्यांचा माग आहे, आणि कुकीज पुसून तो काही प्रमाणात कमी होतो. ॲडवेअर मात्र एक्स्टेन्शन म्हणून, प्रोग्रॅम म्हणून किंवा बदललेल्या सर्च इंजिनच्या रूपाने बसलेलं असतं. हिस्टरी पुसली तरी ते जागचं हलत नाही. उलट काकूंची हिस्टरी पुसलेली असती तर निकालाच्या दिवशीचं ते पान मला सापडलंच नसतं. इनकॉग्निटोचा एक खरा उपयोग आहे, तो निदानाचा. तिथे एक्स्टेन्शन्स मुळात बंद असतात, म्हणून तिथे जाहिराती थांबल्या तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा समजायचा.

मॅकबद्दल एवढंच: ‘फ्लॅश प्लेअर’ (ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि गेम चालवणारं जुनं सॉफ्टवेअर) याच्या खोट्या अपडेटमधून मॅकवर भरपूर ॲडवेअर गेलं. फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला कायमचा बंद झाला, तेव्हा आजही कुठलं पान तो अपडेट करायला सांगत असेल तर ते पान खोटं आहे, मॅकवरही आणि विंडोजवरही.

राहिली मेसेजच्या शेवटची लिंक. ती मी ऑफिसातल्या तपासणीच्या मशीनवर उघडली. पान उघडताच पहिला प्रश्न आला तो नोटिफिकेशनच्या परवानगीचा, तोच काकूंना विचारलेला. खाली हिरवं डाउनलोडचं बटण. उतरलेल्या फाइलवर डिफेंडरने लगेच ‘नको असलेलं ॲप’ म्हणून बोट ठेवलं.

आपल्या ग्रुपमधल्या ज्यांनी ते क्लीनर टाकलंय त्यांनी ॲप्सच्या यादीतून ते काढा, मग वर सांगितलेल्या दोन याद्या तपासा, नोटिफिकेशन्सची आणि एक्स्टेन्शन्सची. त्यानंतर डिफेंडरचा फुल स्कॅन लावा. कुणी फोनवर बोलून तुमचा पडदा त्यांच्या ताब्यात घेतला असेल किंवा कार्डाचा नंबर दिला गेला असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, जितक्या लवकर तितकं बरं. बाकीच्यांसाठी मी रविवारी सकाळी 10 ते 1 सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. लॅपटॉप आणा, चार्जर आणा. काकूही येणार आहेत, नोटिफिकेशन्सची यादी त्याच साफ करून देतील.