नाकावर टिच्चून

माझं नाक बसकं आहे, हे मला पाहायला आलेल्या मंडळींनीसुद्धा कधी तोंडावर सांगितलं नाही. ते सांगितलं आमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने, हातात वही घेऊन, चारचौघांत. "ताई, मास्कमधून तुमच्या नाकाच्या बाजूने हवा जातेय. ही कंपनी तुम्हाला नाही चालायची."

मी छातीच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. निम्मे पेशंट टीबीचे, त्यामुळे एन-९५ रोजचाच. पण मास्क लावणं वेगळं आणि मास्क बसणं वेगळं. खोक्यावरचा ९५ टक्के कण अडवण्याचा आकडा फिल्टरचा असतो, आपल्या थोबाडाचा नव्हे. कडेला काडीएवढी फट राहिली, तर हवा उगाच फिल्टरमधून कशाला जाईल? म्हणून फिट टेस्ट, मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का याची परीक्षा. ती दरवर्षी करावी म्हणतात. आमच्याकडे तपासणीची टीम येणार असल्याचं पत्र आलं की होते.

डोक्यावरून एक पांढरी पिशवी घालतात. तिला समोर पारदर्शक खिडकी, खिडकीला एक भोक, आणि भोकातून आत सोडतात कडू फवारा. डेनाटोनियम बेंझोएट. नाव विसरलं तरी चालतं, चव विसरता येत नाही. स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात मिसळतात तेच हे. आधी मास्कशिवाय फवारून तुम्हाला कडू कळतं की नाही हे बघतात, मग मास्क लावून. मास्क लावूनही कडू लागलं की नापास. त्यात तोंड किंचित उघडं ठेवून, जीभ जराशी बाहेर काढून श्वास घ्यायचा असतो. अशा अवस्थेत मी पिशवीत उभी असताना सात नंबरच्या आजोबांची सून दारातून डोकावली आणि वॉर्डबॉय मामांना हळूच विचारती झाली, "सिस्टरना कधीपासून असं होतंय?"

पुढे कवायत. साधा श्वास, खोल श्वास, मान डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, वाका, प्रत्येकी एक मिनिट. त्यातच "आता बोलत राहा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मला आजवर कुणी म्हणालेलं नव्हतं. बाहेर इनचार्ज सिस्टरना ठसका लागला. ऐन वेळी काही सुचेना म्हणून एकोणतीसचा पाढा धरला. एकोणतीस पंचेला अडकले आणि तेवढ्यात जिभेवर कडू आलं. पाढ्यातही नापास, मास्कमध्येही.

दुसऱ्या कंपनीचा घडीचा मास्क मात्र बसला. दुपारी डब्यातली बटाट्याची भाजी कडू लागली, चहा कडू लागला, पण वहीत 'पास' होतं.

आमच्या वॉर्डातल्या ब्रदरचं अडलं दाढीवर. नुकतंच लग्न जमलेलं, दाढी फोटोग्राफरच्या सल्ल्याने राखलेली. मास्कची कड जिथे टेकते तिथे केस नकोत, दोन दिवसांचे खुंटसुद्धा नकोत. मिशी कडेच्या आत मावत असेल तर तिला मुभा. "सिस्टर, माझी दाढी विरळ आहे हो," असं तो काकुळतीने म्हणाला. याआधी कुणी तिला विरळ म्हटलं असतं तर मारामारी झाली असती.

आणि आमच्या वॉर्डाची साफसफाई करणाऱ्या मावशी. त्या पिशवीत शिरल्या, दहा वेळा फवारलं, "काय लागतंय?" "काय नाय." वीस वेळा. "काय नाय." तीस वेळा. "काय नाय म्हणते ना!" आणि विजयी मुद्रेने बाहेर आल्या. त्यांना वाटलं पास झालो. पण ही पहिली, बिनमास्कची चाचणी होती. मास्क न लावताच मास्क फिट बसलेल्या त्या आमच्या हॉस्पिटलातल्या एकमेव. चौकशीअंती कळलं, येण्याआधी मावशींनी मिश्री लावली होती. टेस्टच्या आधी पंधरा मिनिटं तोंडात काही टाकायचं नसतं, हे त्यांना सांगितलं होतं. पण मिश्री 'काही'मध्ये मोडते हे त्यांना मान्य नव्हतं. खळखळून चूळ भरून आल्यावर पहिल्याच फवाऱ्याला त्यांनी जी शिवी दिली, ती वहीत 'चव ओळखली' अशी नोंदवली गेली.

मास्क बसला की बोलणं बसतं. मी घसा फोडून सांगते, "सकाळचा बेडका आणा, थुंकी नको." समोरचे काका दचकून, "बेड का? बेड नको बाई, गोळ्या द्या, जातो घरी." पेशंटला साधा सर्जिकल मास्क आणि आम्हाला एन-९५, यावरूनही कुरबुर असते. "तुम्हाला भारीतला, आम्हाला हलका!" त्यांचा मास्क आतलं बाहेर जाऊ नये म्हणून, माझा बाहेरचं आत येऊ नये म्हणून, हे रोज समजावते. आजोबा मान डोलावतात, मग मास्क खाली ओढतात, मनसोक्त खोकतात आणि मास्क पुन्हा नीट वर लावतात. "तोंडावर असला की खोकता येत नाही."

घरीही शांतता नाही. करोनाच्या वर्षी मास्क मोजून मिळत. पाच कागदी पिशव्यांवर वार लिहून मी ते आळीपाळीने वापरायची, पिशव्या गॅलरीत. एका सकाळी बघते तर मंगळवार आणि बुधवार दोरीवर, चिमट्यांसकट. सासूबाईंनी प्रेमाने धुतले होते. "कसे स्वच्छ निघाले बघ!" या मास्कच्या धाग्यांवर स्थिर वीज भरलेली असते, बारीक कण तिला चिकटतात, साबण किंवा सॅनिटायझर लागला की वीज गेली, उरतं नुसतं फडकं. हे ऐकल्यावर सासूबाईंनी उरलेल्या वारांना हात लावला नाही. शॉक बसेल म्हणून.

तसं त्या फिल्टरचं मला मनापासून कौतुक आहे. मोठे कण धाग्यांवर आदळून अडकतात, अगदी बारीक कण भरकटत भरकटत कुठेतरी चिकटतात. त्रास देतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणून परीक्षा त्यांच्यावरच घेतात. मी तीन बहिणींतली मधली, मला हे शास्त्र लगेच पटलं.

आता माझ्या चेहऱ्याची कंपनी ठरली, म्हणून स्टोअरला इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, टाकलं. स्टोअरमधून आले भलत्याच कंपनीचे, कानात अडकवायचे. मला हवा डोक्यामागून दोन पट्ट्यांचा: वरची अंबाड्याच्या वर, खालची मानेवर. कानाच्या दोऱ्या तेवढं ओढून धरत नाहीत. स्टोअरकीपर म्हणाले, "मास्क तो मास्क. सैल वाटला तर गाठ मारा." तिसऱ्या इंडेंटवर लाल शाईने सही झाली.

मास्कला नाक मुरडणारे मोठे लोक पूर्वीपासून आहेत. १९१०-११ च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येला मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. मलायातल्या पेनांगहून आलेले तरुण डॉक्टर वू लिएन-तेह सांगत होते की हा हवेतून पसरतो, कापूस-गॉझचा मास्क लावा. मेस्नी नावाचे ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर ऐकेनात, मास्कशिवाय पेशंट बघायला गेले आणि काही दिवसांतच प्लेगने वारले. आमचे मोठे सर एवढे हट्टी नाहीत. ते मास्क लावतात, फक्त नाकाच्या खाली.

परवा राउंडला दारात मावशी पोछा घेऊन उभ्या. चूळ भरल्यापासून त्या या विषयातल्या जाणकार आहेत. "साहेब, नाक बाहेर राहिलं की." सरांनी नाक आत घेतलं. मावशी हलेनात. "आता मास्कवर दोन्ही हात धरून जोरात फुंका." मागे आम्ही सगळे केसपेपरात डोकं घालून. सरांनी फुंकलं. चष्मा पांढरा झाला.

"गळतंय," मावशी म्हणाल्या.