गावाचं नाव बदला आणि गोष्ट तीच? नाही हो, अजिबात नाही

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आमच्या बडोद्याच्या वाचनाच्या ग्रुपवर तीनदा आला, भाचीनेही वेगळा पाठवला. त्याचं म्हणणं असं की युद्धातल्या बालपणाची आत्मकथनं सगळी एकसारखीच, गावाचं नाव बदला, गोष्ट तीच राहते. माणसं स्वभावाने घडतात, जागा म्हणजे नाटकातला मागचा पडदा. घराची, गल्लीची वर्णनं पानं भरायला असतात, गाळून वाचलं तरी चालतं. आणि लहान मुलाला जागेचं काही कळत नसतं, ते सगळं मोठेपणी लिहिताना घालतात.

खाली भराभर अंगठे पडलेत. मला मात्र हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण आमच्या ग्रुपमधली कॉलेजची पोरं आता ही पुस्तकं वर्णनं गाळून वाचायला लागलीत, आणि मग म्हणतात की त्यात काही नव्हतं! म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, गावाचं नाव बदला वाला. १९४२ साल घ्या. त्या वर्षी जुलैत अ‍ॅन फ्रँक अ‍ॅमस्टरडॅमच्या एका ऑफिसच्या मागच्या भागात, ज्यू म्हणून नाझींपासून लपायला गेली, वय १३. त्याच वर्षी अमेरिकेत जीन वाकात्सुकी नावाच्या ७ वर्षांच्या पोरीला घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियातल्या मान्झनारच्या छावणीत नेलं, गुन्हा काय तर घराणं मूळचं जपानी, आणि अमेरिकेचं जपानशी युद्ध चालू. दोघी मुली, दोघींचं कुटुंब बरोबर, युद्ध तेच. एकीची डायरी आहे, दुसरीने मोठेपणी ‘फेअरवेल टू मान्झनार’ हे पुस्तक लिहिलं. आता नावं बदलून दाखवा बरं.

अ‍ॅमस्टरडॅमला आठ माणसं बंद खोल्यांत, खाली गोदामातली माणसं कामावर, त्यामुळे दिवसा पाय वाजवायचा नाही, नळ सोडायचा नाही, दोन वर्षं हे असं. तिथे माणसं एकमेकांच्या इतकी अंगावर आलीत की बारीकशा टेबलावर कोणी किती वेळ बसायचं यावरून अ‍ॅनचं खोलीत बरोबर राहणाऱ्या गृहस्थांशी भांडण होतं, आईशी पटत नाही, आणि दार आपटून बाहेर जायचं म्हटलं तर बाहेर आहेच कुठे. तिची ती धार, स्वतःशी बोलत बसायची सवय, ही त्या खोलीतच वाढलेली आहे.

मान्झनारला बरोबर उलट. ओसाड खोरं, वारा, धूळ, दहा हजारांच्या आसपास माणसं, बाराजणांच्या कुटुंबाला दोन खोल्या, आणि जेवण मात्र सार्वजनिक भोजनगृहात रांग लावून. मला सगळ्यात जास्त लागलं ते इथेच. युद्धाआधी त्यांच्या घरी एक मोठं गोल टेबल होतं, सगळे मिळून त्याच्याभोवती जेवायचे. छावणीत आजीला चालवत नाही म्हणून आई तिचं जेवण खोलीवर घेऊन जाते, मोठी भावंडं आपापल्या मित्रांबरोबर दुसऱ्या भोजनगृहात जायला लागतात कारण तिथलं जेवण म्हणे बरं, धाकटी पोरं पोरांच्यात. कोणी कोणाला टाकलेलं नाही हो, कोणी भांडलेलंही नाही, नुसती ताटं वेगवेगळ्या ठिकाणी पडायला लागली आणि घर सुटत गेलं. एका जागेने माणसांना चेपलं, दुसऱ्या जागेने पांगवलं. नावं अदलाबदल केलीत तर दोन्ही पुस्तकं जागच्या जागी कोसळतील.

दुसरा मुद्दा, माणूस स्वभावाने घडतो. स्वभाव असतो, नाही कोण म्हणतंय, पण जागा त्यातलं काय बाहेर काढेल हे आधी कोणालाच माहीत नसतं. जीनची आई बघा. टर्मिनल आयलंड म्हणून कोळ्यांची वस्ती, तिथे ४८ तासांत घर खाली करा असा हुकूम आला, आणि लगेच भंगारवाले दारोदार फिरायला लागले, कारण त्यांना माहीत होतं की ही माणसं अडलीत. आईच्या चिनीमातीच्या सुंदर सेटला एकजण १५ डॉलर देतो म्हणाला. तर त्या माउलीने काय केलं, त्याच्यासमोर एकेक बशी जमिनीवर आपटून फोडली, रडत रडत, सगळा सेट संपेपर्यंत. आणि हीच बाई पुढे छावणीत मधे आडोसाही नसलेल्या संडासांपुढे लाजेने अर्धी होते. बाई एकच ना? मग तिचा ‘मूळ स्वभाव’ यातला कुठला सांगाल?

वडिलांचं तर अजून वाईट. समुद्रावर स्वतःच्या होड्या चालवणारा माणूस, पकडून नेला, चौकशा झाल्या, काठी टेकत छावणीत आला. तिथे ना समुद्र, ना होडी, ना कोणावर हुकूम चालवायची जागा. मग खोलीत बसून दारू गाळणं आणि घरच्यांवर राग काढणं. पुढे कुटुंबाला दुसऱ्या ब्लॉकमधे जागा मिळते, शेजारी जुन्या बागेतली नासपतीची झाडं, आणि तो झाडं छाटायला लागतो, थोडा माणसात येतो. झाडांनी बरा केला असं मी म्हणणार नाही, दारू काही सुटत नाही, पण हाताला काम देणारी जागा मिळाली हे तर दिसतंय.

आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या यादवी युद्धावरचं इश्माएल बेआचं पुस्तक पण इथे आठवतं. आई-बाप हरवलेली पोरं जंगलातून गावोगाव चालत असतात, आणि बंडखोर लहान पोरांनाच हत्यारं देतात म्हणून कुठलंही गाव पोरांचा घोळका दिसला की घाबरतं. पोरं तीच, निरागसच. पण त्या रस्त्यावर ती सैतान ठरतात, आणि लोक आपल्याला असंच बघणार हे त्या मुलाच्या मनात हळूहळू मुरत जातं.

आणि लांब कशाला, आमच्याच घरातलं सांगते. १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, आई बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात होती, ९ वर्षांची, आणि तिची आतेबहीण त्याच वयाची, भुजला. बडोद्यात रिफायनरी असल्याने ब्लॅकआउट कडक, काचांना खाकी कागद, बल्बला पुठ्ठा, आणि कुठे फट राहिली की खालून ‘लाइट बंध करो’ अशी हाक. पण वाडा भरलेला, दिवे गेले की सगळी बिऱ्हाडं ओटल्यावर, आजी गोष्टी सांगणार, पोरं अंधारात शेंगदाणे खाणार. तिकडे भुजवर बाँब पडत होते, धावपट्टीच उडवली होती, जवळच्या माधापर गावच्या बायकांनी ती पुन्हा बांधून दिली हे आपल्याला माहीतच आहे. दोघी एकाच घरच्या, लहानपणी दोघी सारख्याच भित्र्या, असं आजी सांगायची. आज आईला लाइट गेले की माणसं जमवावीशी वाटतात, आणि मावशी, साठी ओलांडली तरी विमानाचा आवाज खाली आला की बोलता बोलता थांबते. युद्ध एकच होतं. घरं वेगळी होती.

तिसरा, वर्णनं पानं भरायला असतात. यावर फार बोलायची गरज नाही. मान्झनारच्या फळ्यांना गाठींची भोकं होती, त्यातून रात्रभर वाळू आत यायची, सकाळी अंथरुणावर धूळ, आणि जीनचा मोठा भाऊ डब्यांची झाकणं ठोकून ती भोकं बुजवतो. हे वर्णन गाळलंत तर वडील नसताना घराचा कर्ता कोण झाला हे तुम्हाला कळणारच नाही, कारण ते त्या झाकणांतच दिसतं.

चौथा मुद्दा थोडा विचार करण्यासारखा आहे, मान्य करते. मोठेपणी लिहिताना भर पडते, पडणारच. जीनचं पुस्तक आलं १९७३ ला, म्हणजे तीस वर्षांनी, आणि तेही नवऱ्याबरोबर लिहिलेलं. बेआच्या पुस्तकातल्या तारखांवरून तर मोठा वाद झाला होता. पण म्हणून मुलाला जागा कळत नाही? अ‍ॅनची तर डायरी आहे, लपून असतानाच लिहिलेली, मोठी व्हायला तिला मिळालंच नाही. आणि त्या डायरीत काय आहे? जिना, पुस्तकांच्या कपाटामागचं दार, चर्चची घंटा, माळ्यावरच्या खिडकीतून दिसणारं चेस्टनटचं झाड. मोठी माणसं रेडिओवरच्या बातम्यांत अडकलेली असताना घर मोजत असतं ते मूलच. आमच्या आईला विचारा की १९७१ चं युद्ध किती दिवस चाललं, ती महिना सांगेल, दोन सांगेल, खरं तर चाललं १३ दिवस. पण खाकी कागदाला कुठल्या कोपऱ्यात भोक होतं आणि त्यातून समोरच्या गच्चीचा केवढा तुकडा दिसायचा हे तिला आज पण हाताने दाखवता येतं. दिवस तिचे चुकतात, खिडकी चुकत नाही.

मागच्या आठवड्यात मी आईला ते भोजनगृहाचं प्रकरण मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. पोरं आपापल्या रांगेत जेवायला लागली इथपर्यंत आले तर तिने मधेच थांबवलं, म्हणाली, ब्लॅकआउटमधे आमच्याकडे उलट झालं बघ, एरवी चार बिऱ्हाडांच्या चार चुली, पण कंदील एकच झाकून ठेवलेला म्हणून सगळ्यांची पानं एकाच खोलीत मांडायचे. मग जरा वेळ गप्प बसली. आणि विचारलं, त्या लोकांना ते गोल टेबल परत मिळालं का गं?