डिस्टॉर्शन वाढवलं म्हणजे अल्बम इंडस्ट्रियल होत नाही

एखादा सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर उभं पॉप) बँड ‘नवा अल्बम डार्क आहे, इंडस्ट्रियल आहे’, म्हणजे यंत्र-धातूच्या कर्कश आवाजांचा आहे, असं जाहीर करतो, तेव्हा आधी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस ऐकावेत. बहुतेकांचं पितळ तिथेच उघडं पडतं. सिंथचे आवाज जुनेच, त्यांच्यावर एक सॅच्युरेशनचा (सौम्य डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडण्याचा) प्लगइन, गायक कुजबुजतोय, कव्हर काळं. याला मी वळण म्हणत नाही, हे नुसतं वेश बदलणं झालं.

डेपेश मोड या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडचं उदाहरण म्हणूनच पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. १९८१ चा पहिला अल्बम गोड, उड्या मारणारा. १९८३ च्या ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’साठी त्यांनी लंडनच्या शोर्डिच भागातल्या पडक्या जागांत पत्रे आणि पाइप बडवून आवाज गोळा केले, ते सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज कळपट्टीवर वाजवणारं यंत्र) भरले आणि मिक्सिंगसाठी बर्लिनचा हान्सा स्टुडिओ गाठला. १९८६ च्या ‘स्ट्रिप्ड’खाली जी घरघर चालते, ती मोटारसायकलच्या इंजिनाची, वेग कमी करून वापरलेली. गंमत अशी, की चाली पॉपच राहिल्या. बदलला तो कच्चा माल. मिनिस्ट्री या अमेरिकन बँडने उलट केलं: १९८३ चा ‘विथ सिंपथी’ निव्वळ सिंथ-पॉप, आणि १९८८ पर्यंत चाल जवळजवळ गायब, उरला गिटार आणि सॅम्पलचा मारा. तेही प्रामाणिक वळण. फसतात ते मधले, ज्यांना दोन्ही हवं असतं आणि कशालाच हात लावायचा नसतो.

आता कामाचं. धातूचा आवाज स्वतः रेकॉर्ड करणार असाल तर पातळी -१२ डीबीच्या आसपास ठेवा. धातूवरच्या आघाताचं टोक मीटरला नीट दिसायच्या आत येऊन जातं आणि तिथेच क्लिप होतं, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन कापलं जातं. एक माइक वीत-दीड वीत अंतरावर, दुसरा दोन-तीन मीटर लांब, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. सॅम्पलच्या सुरुवातीची शांतता कापून टाका. पाच-सात मिलिसेकंद राहिले तरी आघात किकच्या मागे पडतो आणि सगळा ठेका ढिला वाटतो. वेग निम्मा करून आवाज एक सप्तक खाली उतरवणार असाल तर ४४.१ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये ११ किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही. कधी हा मंदपणाच हवा असतो. नको असेल तर ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, अर्थात माइक तेवढं वरचं पकडत असेल तर.

आणि सूर जुळवा! पत्र्याच्या आवाजातले स्वरांश एका मूळ स्वराच्या पटीत नसतात, पण त्यातला एखादा सर्वांत ठळक असतोच. स्पेक्ट्रममध्ये तो शोधून गाण्याच्या सा किंवा प वर आणला नाही, तर गायकच बेसूर वाटायला लागतो आणि दोष ऑटोट्यूनला (सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) जातो.

सर्वांत जास्त घोटाळा कॉर्डवर डिस्टॉर्शन लावताना होतो. डिस्टॉर्शन फक्त स्वरांच्या पटी वाढवत नाही, दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज-वजाबाकीही जन्माला घालतं. २२० आणि ३२९.६ हर्ट्झ, म्हणजे सा-प, यांची वजाबाकी १०९.६. जवळजवळ खालचा साच. म्हणून पंचमाची जोडी डिस्टॉर्शनमध्ये उलट भरदार होते. पण २२० आणि २६१.६, म्हणजे सा आणि कोमल गंधार, यांची वजाबाकी ४१.६. हे भूत थेट किक आणि बेसच्या जागेत येऊन बसतं. बेरीज ४८१.६, तो कुठल्याच पट्टीवरचा स्वर नाही. सिंथ-पॉपच्या उदास मायनर कॉर्ड चिखल होतात त्या अशा. उपाय साधा आहे: कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळ्या ट्रॅकवर घ्या, वेगवेगळं डिस्टॉर्शन द्या, मग एकत्र करा. किंवा डिस्टॉर्शनमध्ये फक्त सा-प ठेवा आणि गंधार गायकाला गाऊ द्या. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात दुःख माणसाच्या गळ्यात राहतं.

किकला १२० हर्ट्झपाशी दोन भागांत तोडा: खालचा स्वच्छ आणि मोनो, वरचा हवा तेवढा भाजा. समांतर डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात त्याचीच फाडलेली प्रत मिसळणं, लावणार असाल तर प्रतीला होणारा उशीर तपासा. ४४.१ किलोहर्ट्झवर ६४ सॅम्पलचा उशीर म्हणजे सुमारे १.४५ मिलिसेकंद, आणि तेवढ्यानेच ३४५ हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना खोडून पहिला खड्डा पडतो. आवाज जाड व्हायच्या ऐवजी पोकळ होतो. एकतर्फी क्लिपिंगनंतर २५-३० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचं सगळं कापणारा) विसरू नका, नाहीतर डीसी ऑफसेट, म्हणजे लहरीचं शून्यावरून एका बाजूला सरकणं, हेडरूम (क्लिप होण्याआधीची मोकळी जागा) खात बसतो.

ड्रम सॅम्पल करणाऱ्यांना एकच नमुना परत परत वाजण्याची भीती वाटते. इथे ती सोडा. तोच आघात, त्याच ताकदीने, दर पाव मात्रेवर (सिक्स्टीन्थ नोट). यंत्र तसंच वागतं. सन १९८१ च्या पहिल्या इम्युलेटर या सॅम्पलरमध्ये ८ बिट आणि जेमतेम दोन सेकंद मिळायचे, त्यामुळे आवाज आखूड कापणं भागच होतं. आज गिगाबाइटभर जागा असताना लोक दहा सेकंदांची शेपटी, म्हणजे विरत जाणारा आवाज, तशीच ठेवतात आणि मग रिव्हर्बही (खोलीतली गुंज) वरून ओततात. हान्सामध्ये आवाज स्पीकरमधून मोठ्या दालनात वाजवून पुन्हा रेकॉर्ड केले जायचे. हे जिन्यातही जमतं: एक स्पीकर, एक माइक, आणि त्या ट्रॅकला गेट (ठरल्या वेळी आवाज बंद करणारं साधन). शेपटी पुढच्या आघाताआधी तुटली पाहिजे. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची, म्हणजे गेट ११०-११५ ला बंद.